खिलारीला गीरची कांडी भरली तर गाय ‘देशीच’ राहते का?

सांगोला तालुक्यातल्या एका तरुण पशुपालकाने विचारलंय. त्यांच्या दावणीला दोन खिलार गाई आणि एक पंढरपुरी म्हैस आहे, शिवाय रानात 40 मेंढ्या. प्रश्न असा: “खिलार, गीर, देवणी सगळ्या देशीच. फरक फक्त रंगाचा आणि शिंगाचा. खिलारीला गीरची कांडी भरली तर दूध वाढतं, गाय देशीच राहते आणि दूधही ए-टू, असं गावात सगळे सांगतात. हे खरं आहे का? आणि माझी गाय अस्सल खिलार आहे की नाही, हे रक्त तपासून कळेल का?”

मी याच जिल्ह्यात 31 वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतोय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. गीरची कांडी, म्हणजे कृत्रिम रेतनासाठीची गीर वळूच्या वीर्याची नळी, भरू नका. रक्त तपासून काही गोष्टी पक्क्या कळतात, पण तुम्हाला हवं तसं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळत नाही. आता दोन्हीची कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गावातल्या लोकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि घोळ त्या अर्ध्या बरोबरमुळेच होतो.

बरोबर काय, ते आधी. गाय कुठलीही असो, तिची गुणसूत्रं 60. जर्सीची 60 आणि खिलारीचीही 60. जनुकंही तीच. पण वशिंडाची गाय आणि बिनवशिंडाची युरोपीय गाय यांचे पूर्वज रानटी असतानाच काही लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. माणसाने त्यांना माणसाळवलंही दोन वेगळ्या ठिकाणी. आपल्या वशिंडाच्या गाईचं मूळ सिंधूच्या खोऱ्यातलं, साधारण 8000 वर्षांपूर्वीचं. दोघांच्या वळूंचं वाय गुणसूत्रसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या आकाराचं दिसतं. त्या मानाने खिलार आणि गीर एकाच घराण्यातल्या. जर्सी खिलारीपासून जेवढी लांब, तेवढी गीर नाही.

चुकतं ते याच्या पुढे. ज्वारीचं बघा. मालदांडी भाकरीची, गूळभेंडी हुरड्याची. दोन्ही ज्वारीच, पण मालदांडीचा हुरडा गूळभेंडीसारखा लागत नाही आणि गूळभेंडी कुणी कडब्यासाठी पेरत नाही. जातींचा फरक असाच असतो. जनुक तेच, पण त्याची रूपं दोन-चार असतात, आणि कुठलं रूप कुठल्या जातीत किती जनावरांत आहे याचं प्रमाण बदलतं. ‘खिलारीचं जनुक’ म्हणून एखादं वेगळं जनुक नसतं. हजारो ठिकाणी थोडंथोडं प्रमाण इकडे-तिकडे असतं आणि त्या सगळ्याची बेरीज म्हणजे तुमच्या दावणीची गाय.

ही बेरीज होते कशी? कुठला खोंड ठेवला, कुठला ठेचला म्हणजे खच्ची केला, कुठली कालवड विकली नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत गेलं त्यातून. खिलार म्हैसूरकडच्या हल्लीकर, अमृतमहाल या घराण्याच्या जवळची. शिंगं कपाळाच्या माथ्यावर एकमेकांना लागून उगवतात आणि मागे जाऊन वर वळतात, ही त्या घराण्याची खूण. थिल्लारी लोकांनी कळप राखले आणि आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठ असे प्रकार पडले. चौथ्या प्रकाराला तर जुन्या वर्णनांत ‘नकली’ असंच नाव आहे. निवड कशाची झाली? चालीची. माणदेशात पाऊस कमी, रान हलकं, दोन पावसांच्या मधल्या वाफशात पेरून घ्यायचं तर बैल झपझप चालला पाहिजे, कडब्यावर टिकला पाहिजे, भर उन्हात लाळ गाळत बसता कामा नये. दूध वासराला पुरलं म्हणजे झालं, त्याहून जास्त कुणी मागितलं नाही.

गीरची कथा सौराष्ट्रातली. तिथल्या मालधारी पशुपालकांनी दुधासाठी निवड केली. फुगीर कपाळ, पानासारखे लांब लोंबते कान, खाली-मागे वळून वर येणारी शिंगं, सैल कातडी, मोठी कास. चांगलीच जात आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिच्या जनुकांचा हिशेब दुसऱ्या कामासाठी जमवलेला आहे.

आता दोन्ही मिसळल्या की काय होतं? पहिल्या पिढीची कालवड बहुतेक वेळा छान निघते. आईपेक्षा दूध जास्त देते, अंगाने भरते. दोन लांबची रक्तं एकत्र आली की हा जोम येतो. गावात जे ‘दूध वाढतं’ म्हणतात, ते या पहिल्या पिढीकडे बघून. दुसऱ्या पिढीत पत्ते पुन्हा पिसले जातात. एकाच आईची दोन वासरं, एकाचं कपाळ फुगीर, दुसऱ्याचं सपाट. एकीला दूध आहे पण वासरू सोडल्याशिवाय पान्हा नाही. दुसरीला चाल नाही आणि दूधही नाही. पुढे परत गीरच भरत गेलात तर 50 टक्के, 75, 87.5 असं करत पाच-सहा पिढ्यांत गाय जवळजवळ गीर होईल, म्हणजे 20-25 वर्षं घालवून तुम्ही खिलार संपवलेली असेल. मध्येच थांबलात तर हातात ना ही, ना ती.

आणि खोंडाचं काय? निम्मी वासरं नर होणार. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार खोंडाभोवती दहा माणसं उभी असतात. गीर-खिलार खोंडाला किंमत विचारायला कुणी थांबत नाही. त्याचे कान लोंबलेले, चाल सुस्त, बेंबी लोंबती. दुधातून मिळालेला वरचा पैसा त्या खोंडांनी खाल्लेला मी कितीतरी गोठ्यांत पाहिलाय.

ए-टूचा मुद्दा एका वाक्यात मिटतो. बीटा केसीन या दुधातल्या प्रथिनात 67 व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. आपल्या वशिंडाच्या गाईंत ए-टूचंच प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे. म्हणजे तुमच्या खिलारीचं दूध बहुधा आधीच ए-टू आहे, आणि म्हशीचंसुद्धा. त्यासाठी गीर आणायची गरज नाही.

आता अस्सलपणाचं. बाजारात अस्सलपणा डोळ्याने ठरतो, आणि डोळा अनुभवी असेल तर बराच बरोबर ठरतो. पण शिंगांवर फार जाऊ नका. शिंगं साळून, तासून, तेल लावून हवी तशी करतात. मी एकदा एक खोंड पाहिला. शिंगं तलवारीसारखी, दोन्ही सारखी, चकचकीत. मालक कासरा ओढून मान वर करून दाखवत होता. मी खाली वाकून शिंगाच्या बुडाशी बोट फिरवलं. बुडाशी वर्षाच्या कड्या उलट्या बाजूला झुकलेल्या, आणि वरचा सगळा बाक कानशीने काढलेला. मी आधी खूर बघतो, मग डोळ्यांची कड, नाकपुडी, कानाची लांबी, गळ्याची पोळी किती सैल आहे, चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो का. अजून एक खूण आहे, ती फक्त घरी जन्मलेल्या वासरावर दिसते. खिलारीच्या नव्या वासराच्या माथ्यावर तांबूस, गंजासारखा रंग असतो आणि दोन-एक महिन्यांत तो जातो. तुमची गाय व्याली की पहिल्या दिवशीच वासराचा फोटो काढून ठेवा.

एक मात्र लक्षात घ्या. रंग, कान, माथा या दिसणाऱ्या गोष्टी मोजक्या जनुकांवर चालतात. त्या बरोबर असूनही आतलं बाकीचं रक्त मिसळलेलं असू शकतं, आणि उलटंही होऊ शकतं. म्हणून डीएनए तपासणी कामाची. तिच्यासाठी रक्तच हवं असं नाही. शेपटीच्या गोंड्यातले मुळासकट उपटलेले वीस-पंचवीस केस कागदी पाकिटात चालतात. तपासणीतून पक्कं कळतं ते आई-बाप. हा वळू या कालवडीचा बाप आहे की नाही, हे प्रयोगशाळा खात्रीने सांगते. कुठल्या जातीचं रक्त किती, हे मात्र तुलनेने सांगावं लागतं. आधी तपासलेल्या खात्रीच्या खिलारींशी तुमची गाय किती जुळते, गीरशी किती, देवणीशी किती, असं उत्तर टक्क्यांत येतं. ज्यांच्याशी तुलना करायची ती जनावरं जितकी नीट निवडलेली, तितकं उत्तर भरवशाचं. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमला गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ जाहीर झाली. आपल्या जातींच्या डीएनएवरून बनवलेली ही तपासणीची साधनं आहेत. यापूर्वी बऱ्याचदा परदेशी गाईंसाठी बनवलेल्या चिपवर आपली गाय तपासावी लागे, आणि तिच्यातले खास आपले फरक त्यात सुटून जात. देशी जातींची नोंदणी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते.

या तपासण्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली, ती पशुपालकाने ध्यानात धरण्यासारखी आहे. एकूण जनुकीय फरकाचा मोठा वाटा दोन जातींच्या मध्ये नसतो, एकाच जातीच्या आत असतो. तुमच्या दावणीच्या दोन खिलारी एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतील. एक दोन लिटरवर थांबते आणि दुसरी चार देते, एक दर वर्षी वेत देते आणि दुसरी दोन वर्षांनी. म्हणजे जे सुधारायचंय त्याचं भांडवल खिलारीतच पडलंय. जास्त दुधाच्या खिलारीच्या पोटचा वळू शोधा. दुधाचा गुण अनेक जनुकांवर चालतो आणि निम्म्याहून जास्त भाग खाण्यापिण्याचा, निगेचा असतो, त्यामुळे प्रगती सावकाश होईल. पण जी होईल ती टिकेल, आणि खोंडालाही किंमत राहील.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येतो. गीरपेक्षाही मोठा धोका खिलारीला खिलारीतूनच आहे, आणि तो म्हणजे एकाच नावाजलेल्या वळूचा.

बैलगाडा शर्यतींवर मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात खोंडांचे भाव पडले आणि कितीतरी जणांनी खिलार मोडली. शर्यती सुरू झाल्यावर भाव चढले, ही चांगली गोष्ट. पण त्याबरोबर सगळ्यांना एकाच पळणाऱ्या बैलाचं रक्त हवंसं झालं.

माळशिरसकडच्या एका गावात असाच एक वळू होता. देखणा, निर्दोष. पाच-सहा वर्षं आसपासच्या तीन-चार गावांतली बहुतेक प्रत्येक गाय त्याच्याकडेच गेली. मग एका हिवाळ्यात मला तिथून पाठोपाठ बोलावणी आली. पहिल्या गोठ्यात वासरू उभं होतं, कासेला तोंड लावत होतं, पण सड धरता येत नव्हता. बोट घालून पाहिलं तर खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर आखूड. बाटलीने पाजून ते आठ दिवस जगलं. त्याच हंगामात तसंच दुसरं, मग तिसरं. गाई उलटण्याचं, म्हणजे भरूनही गाभ न राहण्याचं, प्रमाणही वाढलेलं. मी तिन्ही घरी बसून विचारलं, तर तिन्ही आया त्याच वळूच्या लेकी, आणि वासरंही त्याचीच.

बाप-लेकीचं वासरू म्हणजे 25 टक्के अंतःप्रजनन. सावत्र बहीण-भावाचं 12.5. प्रत्येक जनावरात काही वाईट जनुकं दडलेली असतात, एकेकटी असतील तर त्यांचा त्रास नसतो. नातं जवळचं झालं की ती जोडीने एकत्र येतात आणि असा जबडा दिसतो. त्या वळूचा दोष नव्हता. आपण त्याला सगळ्या गावाचा बाप केला, तो आपला दोष.

याचा साधा हिशेब आहे. नर आणि माद्या यांचा गुणाकार करून चारने गुणायचं आणि त्यांच्या बेरजेने भागायचं. 50 गाई आणि 1 वळू असेल तर उत्तर साधारण 4 येतं. म्हणजे गोठ्यांत 50 गाई दिसत असल्या, तरी जनुकांच्या दृष्टीने तो कळप चार जनावरांचाच. तेच 50 गाई आणि 5 वळू केले तर 18. एखादी जात टिकायची तर हा आकडा निदान 50 हवा, असं मानतात. गाई न वाढवता, फक्त वळू वाढवून हा आकडा वर नेता येतो. म्हणून गावात चार घरांनी चार वेगवेगळ्या घराण्यांचे वळू सांभाळणं हे मला कुठल्याही कांडीपेक्षा मोलाचं वाटतं.

म्हशीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या आठ जातींच्या म्हशी 27 डीएनए-खुणांवर तपासल्या होत्या. मुऱ्हा, मेहसाणा, सुरती, भदावरी, नागपुरी यांची आपसात सरमिसळ दिसली. तोडा, जाफराबादी आणि पंढरपुरी या तिघी मात्र आपापल्या वेगळ्या गटात पडल्या. खांद्याच्या मागे जाणारी ती लांब शिंगं घेऊन मान तिरकी करत गोठ्याच्या दारातून आत येणारी तुमची म्हैस रक्तानेही निराळी आहे. गवळ्यांनी ती घडवली. म्हैस गल्लीत न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात धार काढून द्यायची, ही कोल्हापुरात आजही चालणारी पद्धत. माणसांच्या गर्दीत पान्हा चोरणारी म्हैस त्या धंद्यात टिकलीच नसती, तिची पारडीही कुणी ठेवली नसती. पंढरपुरीचा शांतपणा आणि दर 12-13 महिन्यांनी वेत देण्याचा गुण अशाच निवडीतून आला असावा, असं मला वाटतं. मुऱ्ह्याची कांडी सहज मिळते, म्हणून ती भरू नका. मुऱ्हा जास्त दूध देते ते हिरव्या वैरणीवर आणि पेंडीवर. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला किती पाणी असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मेंढ्यांत मात्र बाहेरून एक जनुक आणून जात न मोडता फायदा करून घेतल्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, कोल्हापुरी आणि सोलापुरी म्हणजेच सांगोल्याचा, असे प्रकार सांगतात. सगळ्यांत एक उणीव सारखी, ती म्हणजे एका वेताला बहुतेक एकच कोकरू. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ ही लहानखुरी मेंढी जुळी-तिळी देते. तिच्यात फेक-बी नावाचं एका जनुकाचं रूप आहे. 2001 मध्ये ते नेमकं कुठलं जनुक, हे सापडलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे एकच रूप दख्खनीत आणलं आणि नंतर पुन्हा पुन्हा दख्खनीशीच संकर करून गरोळचं बाकी रक्त कमी करत नेलं. त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. अंग आणि काटकपणा दख्खनीचा, पण जुळ्यांचं प्रमाण वाढलेलं. हे जमलं, कारण जुळ्याचा गुण तिथे एका जनुकावर उभा आहे, आणि कुठल्या कोकरात ते आलं हे तपासता येतं. दुधाचं तसं नाही, ते शेकडो जनुकांत विखुरलेलं. म्हणून ‘गीरमधून फक्त दूध घेऊ, बाकी खिलार ठेवू’ हे होत नाही. तुमच्या 40 मेंढ्यांत असा मेंढा आणायचा विचार असेल तर जरूर करा, फक्त जुळी कोकरं जगवण्याइतका चारा आणि आईचं दूध आहे का, ते आधी पाहा. माडग्याळी मेंढा घालून अंग वाढवायचा प्रघातही आता पडलाय. त्यात कोकरं मोठी होतात, पण मेंढ्या चालायला आणि निभावायला कशा पडतात, ते दोन वर्षं बघून मगच सगळा कळप बदला.

एक गोष्ट मनापासून सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीच दिसेल त्या गाईला जर्सीची कांडी भरली. तेव्हा तेच योग्य वाटत होतं आणि लोकांच्या घरात दुधाचा पैसाही आला. पण त्यात काही गोठ्यांतल्या अशा खिलारी गेल्या, की त्यांच्या तोडीची गाय मला परत दिसली नाही. त्यांचं काहीच लिहून ठेवलं नव्हतं, ना वळू, ना आई. आज शोधायचं म्हटलं तरी धागा सापडत नाही.

म्हणून तुमच्या दोन गाईंसाठी एवढं करा. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कांडी भरलीत तर कांडीवर छापलेला वळूचा नंबर लिहा, कांडी फेकून देण्याआधी. वळूला दाखवली तर वळूच्या मालकाचं नाव आणि वळूची आई कुणाची, ते विचारून लिहा. आठवड्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून मांडा. आणि दोघींपैकी कुठली माजावर येईल तेव्हा घाई करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की हिची आई कुठून आणली होती आणि आजी कुठल्या वळूची होती. त्यांना आठवतंय तोवर ते लिहून घ्या. ती दोन नावं मला कळवलीत, तर नात्यात नसलेला वळू कुठल्या गावात आहे ते मी सांगतो.